डुप्लिकेट

"मॅडम, याचं परत रिजेक्ट आलं." आधार केंद्रातल्या पोराने पावती पुढे सरकवली. मी वैतागलेच. शाळेच्या पोर्टलवर नाव चढवायला आधार हवं, आणि राजू नागपूरला आमच्या बालगृहात येऊन आठ महिने झाले तरी कागद म्हणून काही नाही.

राजू हे नावसुद्धा त्याचं नव्हे. रेल्वे सुरक्षा दलाला तो फलाटावर सापडला. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन झाला, 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभा केला. या धावपळीत कुणीतरी फॉर्मवर राजू लिहून टाकलं. बोलणं अडखळत. गाव विचारलं की "पुलाजवळ" एवढंच. आता पूल काय, कुठे नाहीत?

"रिजेक्ट का पण?"

"डुप्लिकेट दाखवतंय. ही बोटं आधीच कुणाच्या तरी नावावर आहेत."

पर्सची चेन लावता लावता माझा हात थांबला. बोटं त्याचीच ना? म्हणजे आधार आधीच निघालेलं आहे! आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत. त्याला चांगलं चालतं-बोलतं झाल्यावर हाताला धरून कुणीतरी केंद्रावर नेलं होतं.

मग समितीचा आदेश, बाल संरक्षण कक्षाचं पत्र, आधारचं मुंबईचं प्रादेशिक कार्यालय. उत्तर आलं तेव्हा पत्ता निघाला मध्य प्रदेशातला, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरचा. तिथल्या ठाण्यात हरवल्याची तक्रार पहिल्याच आठवड्यात नोंदलेली. सोबतचा फोटो मात्र मुंडण केलेला, चार वर्षांपूर्वीचा. तो पाहून मीसुद्धा ओळखलं नसतं.

मला वाटलं, झालं, आता पाठवू. समितीतल्या बाईंनी फाइल मिटली. "तो हरवला की पळाला, हे कुणी विचारलंय का?" तिकडच्या कक्षाचा गृहभेट अहवाल येईपर्यंत पोर इथेच. तेव्हा राग आला होता. अहवालात काकाच्या ढाब्यावर कप-बश्या विसळणं निघालं, मारही निघाला. काका वेगळा राहतो, मुलगा आईजवळ राहील, शाळेत जाईल, दर महिन्याला तिकडचा कार्यकर्ता घरी जाऊन पाहील, असं लेखी ठरल्यावरच आईला बोलावलं.

ती आली तेव्हा तो लगेच जवळ गेला नाही. दाराशीच उभा राहिला. ताबापत्रावर तिने अंगठा उठवला, तसा पुढे आला, शाईच्या पॅडवर स्वतःचं बोट दाबलं आणि माझ्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर उमटवलं.