मास्सिमो उर्बानीची चौकडी
ठाण्यात, गडकरी रंगायतनातल्या मैफलींवर पोसलेल्या माझ्या कानांना रोमच्या मास्सिमो उर्बानी या जाझ आल्टो सॅक्सोफोनवादकाने अक्षरशः वेड लावले आहे. १९८७ च्या 'ईझी टू लव्ह' या ध्वनिमुद्रणात त्याच्यासोबत पियानोवर लूका फ्लोरेस, डबल बेसवर फुरियो दी कास्त्री आणि ड्रम्सवर रॉबेर्तो गात्तो आहेत. अमेरिकी जाझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा वारसा सांगणारा उर्बानी द्रुत लयीत अशा ताना घेतो, की एक श्वास संपून दुसरा कधी सुरू झाला हे कळतच नाही; तरीही मोजक्या स्वरसंगतींनी त्याला मोकळी जागा करून देणारा फ्लोरेस मला अधिक भावतो. (साथीतले हे तारतम्य आपल्याकडेही दुर्मीळच.) उर्बानी १९९३ मध्ये वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. त्याच वर्षीच्या 'द ब्लेसिंग' या ध्वनिमुद्रणात पियानोवर दानिलो रेआ असून ड्रम्सवर मात्र गात्तोच आहे.