तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे मोठे स्पीकर कशाला?

घरी पहिल्यांदा येणारा माणूस त्या खोलीत शिरतो, दोन उभ्या पेट्यांकडे बघतो आणि म्हणतो, "बापरे! एवढा आवाज सहन होतो का हो तुम्हाला?" प्रश्न बहुधा माझ्या नवऱ्याला विचारलेला असतो. तो माझ्याकडे बोट दाखवतो आणि मी पहिलं वाक्य पूर्ण करायच्या आत उठून आत जातो. त्याचं ऐकून झालंय सगळं. परवा पुन्हा एकाने विचारलं, शिवाय "मीही घेऊ का?" अशी पुरवणी जोडली. म्हणून यावेळी लिहूनच काढते.

उत्तर असं आहे की मोठे स्पीकर मी हळू ऐकण्यासाठी घेतले.

हे ऐकून लोक हसतात. उंच पेटी म्हणजे दणदणाट, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण माझं ऐकणं रात्रीचं. सगळे झोपल्यावर, शेजारच्या खोलीचं दार लोटून घेऊन. आधीच्या छोट्या स्पीकरवर मी आवाज कमी केला की गाणं लहान व्हायचं. गळा ऐकू यायचा, व्हायोलिन ऐकू यायचं, पण डग्गा गायब. नुसती तबल्याच्या काठावरची, चाटीवरची टिकटिक. मग डग्गा ऐकू यावा म्हणून आवाज वाढवायचा, की आतून हाक यायचीच.

यात अर्धा दोष कानाचा आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं की आवाज जसजसा हळू होतो तसतसे खालचे सूर कानाला जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात. कानाचा हा स्वभाव कुठलाही स्पीकर बदलत नाही, माझेही नाही. फक्त छोट्या पेटीत खालची बाजू मुळात थोडी, त्यातून कान आणखी वजा करतो. मोठ्या पेटीत वजाबाकीनंतरही काहीतरी शिल्लक राहतं.

दुसरी गोष्ट हवेची. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर वूफरच्या, म्हणजे पेटीतल्या खालचे सूर काढणाऱ्या भोंग्याच्या, कोनाला (हवा ढकलणाऱ्या पडद्याला) चौपट अंतर पुढे-मागे हलावं लागतं. आणखी एक सप्तक खाली गेलात की सोळापट. पाच इंची एकट्या वूफरची यात दमछाक होते आणि ती आवाजात ऐकू येते, खालचा सूर घोगरा होतो. माझ्या प्रत्येक पेटीत साडेसहा इंची दोन वूफर आहेत. दोन्ही मिळून हवा ढकलणारं क्षेत्रफळ त्या एका पाच इंचीच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे प्रत्येकाला हलावं लागतं फारच कमी. रात्री त्यांच्यासमोर हात धरला तर कोन हलतोय हेसुद्धा कळत नाही. आणि डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली घुमक मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत येते, मध्येच तुटत नाही.

(दोन वूफर म्हणजे दुप्पट आवाज, असंही नाही. माझ्या पेटीतला वरचा वूफर गळा सांभाळतो आणि खालचा फक्त अगदी खालच्या सुरांना हातभार लावतो, वरच्या भानगडीत पडत नाही. या रचनेला टू-अँड-अ-हाफ वे म्हणतात. अडीच म्हणजे काय, हे समजावताना माझे बरेच पाहुणे चहा प्यायला उठले आहेत.)

मग छोट्या पेटीतून खालचा सूर निघतच नाही का? निघतो. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून कपाटाएवढ्या पेट्यांचं काम पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीत करून दाखवलं. पण त्या स्पीकरला अँप्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र, थोडक्यात अँप) दणकट लागायचा. लहान पेटी, खोल सूर आणि थोड्या वॉटमध्ये भरपूर आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. मी पेटीच्या आकारावर पाणी सोडलं. म्हणूनच "किती वॉटचा अँप?" या प्रश्नाला माझं उत्तर फार निराशाजनक असतं. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॉट दिला तर मीटरभर अंतरावर येणारा आवाज, ८९ डेसिबल आहे आणि मी ऐकते त्या पातळीला सरासरी वॉटचा विसावा-तिसावा भाग पुरतो. एखादी जोरकस थाप वीस डेसिबलने उसळली तर शंभरपट ताकद लागते, म्हणजे तीन ते पाच वॉट. बाकीचे वॉट अँपच्या खोक्यावर छापलेले आहेत, तिथेच बरे दिसतात.

आता जे मी आधी सांगत नाही ते. पहिल्या संध्याकाळी मला हे स्पीकर अजिबात आवडले नव्हते.

लावली होती डबल बास (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य) आणि पियानोची जुगलबंदी. डबल बासची सगळ्यात खालची तार मोकळी वाजली की खोलीभर भोंऽऽ असा एक सूर भरायचा आणि वाजवणारा पुढे गेला तरी तो मागे रेंगाळत बसायचा. शेजारचा सूर नीट, त्याच्या शेजारचाही नीट, हा एकच उंडगा. मी आधी अँपवर संशय घेतला, मग रेकॉर्डिंगवर, मग माझ्या निवडीवर. शेवटी टेप काढून खोली मोजली तेव्हा कोडं सुटलं. त्या तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा. हवेत त्याची एक लाट सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब, अर्धी लाट चार मीटरच्या थोडी वर. माझ्या खोलीची लांबी ४.२ मीटर. म्हणजे तो सूर दोन भिंतींच्या मध्ये मापाने शिवल्यासारखा बसत होता. आणि माझी खुर्ची होती थेट मागच्या भिंतीला टेकून, जिथे असा सूर सगळ्यात जास्त फुगतो. छोट्या स्पीकरला हा दोष कधी दिसला नाही, कारण बिचारे ४१ हर्ट्झपर्यंत उतरतच नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी फर्निचर सरकवण्यात घालवले. खुर्ची मीटरभर पुढे आली, एवढ्यानेच निम्मं काम झालं. स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून आधी वीतभर लांब होते ते हात-हातभर पुढे ओढले. प्रत्येक जागा आवडली की जमिनीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, दुसऱ्या दिवशी ती जागा नावडायची, मग नवा तुकडा. एका टप्प्याला जमीन शिंप्याने खुणा केलेल्या कापडासारखी दिसत होती. बसून कानाची उंची मोजली, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भोंगा, त्याच्या आसपास येतो ना ते बघितलं. पेट्या थोड्या आत वळवल्या, थोड्या कमी वळवल्या. वीस-वीस किलोच्या आहेत. पाठीने जाब विचारला.

पेटीच्या मागे जे गोल भोक असतं, ज्याला पोर्ट म्हणतात, त्यातूनही खालचे सूर बाहेर पडतात. ही युक्ती जुनी आहे, अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. ते भोक किती रुंद नि नळी किती लांब, याचं व्यवस्थित गणित मात्र नेव्हिल थिल आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढे साठ-सत्तरच्या दशकात बसवलं. माझ्या स्पीकरच्या खोक्यात दोन स्पंजची बुचं आली होती. मी ती पॅकिंगचं सामान समजून कचऱ्यात टाकायला निघाले होते. ती पोर्टमध्ये खुपसायची असतात, भिंतीजवळ ठेवलेल्या पेटीचा घुमारा आवरायला. आज एक बूच लावलेलं आहे आणि एक नाही. कोपऱ्यातल्या पेटीला लागतं, दुसरीला लागत नाही. जोडी सारखी दिसावी म्हणून दोन्ही लावा, असं सांगणारे भेटतात. भोक मागे आहे, दिसतंय कुणाला?

यातून माझं जे मत झालं ते असं, की माणूस विकत घेतो पेटी आणि ऐकतो खोली. लहान, चौकोनी, मोकळ्या भिंतींच्या खोलीत मोठे स्पीकर नेऊन ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. तिथे छोटेच बरे. एक मात्र लक्षात घ्या, छोटे स्पीकर जागा वाचवतात हा भ्रम आहे. त्यांना कानाच्या उंचीवर आणायला स्टँड लागतो, आणि स्टँडखालची जमीन काही दुसऱ्या कामाला येत नाही.

आता एक फजिती. ही मी पाहुण्यांना सांगत नाही.

माझ्या स्पीकरच्या मागे वायर जोडायला चार खुंट्या आहेत, दोन वर नि दोन खाली. वरच्या ट्वीटरसाठी, खालच्या वूफरसाठी. एकाच वायरीने काम भागवायचं तर वरची आणि खालची खुंटी सोनेरी पत्र्याच्या पट्टीने जोडलेली असते. एकदा झाडताना मी उजवी पेटी सरकवली. त्यानंतर गायिकेचा आवाज मधोमध न येता किंचित डावीकडून यायला लागला. मी ठरवलं की दोष उजवीकडच्या जाड पडद्याचा. पडदा गोळा करून बांधला. मग उजवी पेटी दोन बोटं पुढे घेतली. मग डावी दोन बोटं मागे. दरम्यान घरी आलेल्या दोन जणांना झांजेची किणकिण किती स्वच्छ येते तेही ऐकवलं, आणि दोघांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकले तेव्हा कान उजव्या ट्वीटरसमोर आला. गायिकेच्या 'स'मधली शीळ तिथे नव्हतीच. दुसऱ्या पेटीशी जाऊन वाकले, तिथे होती. मागे हात घातला तर वरच्या खुंटीचा नट सैल आणि पट्टी निसटून लोंबत होती. चिमटीत धरून नट दीड फेरा फिरवला. गायिका मधोमध येऊन उभी राहिली. तीन आठवडे मी एका ट्वीटरवर झांजेची किणकिण ऐकवत होते.

तेव्हापासून कुणी "या वायरीने वरचे सूर रेशमी होतात" म्हटलं की मी गप्प बसते. माझ्या कानाची पत मला ठाऊक आहे. वायर जाडसर तांब्याची असावी, लाल-काळी दोन्ही पेट्यांना सारखी जोडलेली असावी, एवढ्यावर माझा विश्वास थांबतो. एका पेटीची उलटी लागली तर कळतंच: खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणारा कुठे उभा आहे याचा पत्ता लागत नाही. नवे स्पीकर शंभर तास वाजवल्यावर 'मोकळे होतात' असंही सांगतात. थोडंफार होतही असेल. माझा अनुभव विचाराल तर तेवढ्या तासांत मी मोकळी झाले होते, आणि खुर्चीही हलली होती.

गैरसोयी आहेत. खराब रेकॉर्डिंग या स्पीकरवर आणखी खराब लागतं. माझे काही लाडके जुने कार्यक्रम ज्या सभागृहात ध्वनिमुद्रित झाले, तिथल्या माइकजवळून जाणारा माणूससुद्धा मला आता पायांच्या धपधपीसकट ऐकू येतो. धूळ बसते. भाची चार वर्षांची असताना तिने वूफरच्या मधल्या टोपीला बोट लावून 'टिंग' केलं, तो खड्डा तिथे आहे. आवाजात काही फरक नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी खड्ड्यावर जायची. शेवटी पेटीवर पुढची जाळी चढवली, ती आता काढत नाही.

"मीही घेऊ का?" हे राहिलंच. तुम्ही मुख्यतः गायन ऐकत असाल तर खरंच गरज नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते. चांगला छोटा स्पीकर तिथवर उतरतो. उतरला नाही तरी जवारीतून, म्हणजे तारेच्या त्या झणझणीतून, वरचे इतके स्वर निघत असतात की त्यावरून मूळ खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो, आणि तुम्हाला फसवणूक कळतही नाही. पखवाज, डबल बास, ऑर्गन, पियानोची डावी बाजू यांचं वेड असेल, खोली मोठी असेल आणि खुर्ची भिंतीपासून सोडवायला घरच्यांची परवानगी असेल, तर घ्या. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. ते सांगितलं की खोलीबद्दल कुणी विचारत नाही.

ऐकायला या. आणाल ते लावू. फक्त पेट्यांच्या पायाशी कागदी पट्टीचे चार तुकडे आहेत, डावीकडचा एक अर्धा सुटलाय आणि सगळ्यांना तो उचलून टाकावासा वाटतो. त्याला हात लावू नका.