पुण्याहून गुरूचा उपग्रह हिमालिया टिपायचा तर

गुरूचे चार मोठे चंद्र साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात, आणि बहुतेकांची गुरूच्या कुटुंबाशी ओळख तिथेच थांबते. खरी गंमत त्यांच्या पलीकडे आहे. या चौघांतल्या सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोच्या सुमारे चौपट अंतरावर अनियमित उपग्रहांचा पसारा सुरू होतो. त्यांच्या कक्षा तिरक्या आणि लांबट असतात, आणि बरेच जण तर गुरूभोवती उलट्या दिशेने फिरतात. हे गुरूपाशी जन्मलेले नाहीत. सूर्याभोवती फिरणारे दगड गुरूने फार पूर्वी धरून ठेवले आणि पुढे धडकाधडकीत त्यांचे तुकडे होऊन एकेक कूळ तयार झालं, असं आज मानलं जातं.

त्यातला सर्वांत मोठा हिमालिया. गुरूपासून सुमारे 1 कोटी 14 लाख किमी, एका फेरीला 250 दिवस. चार्ल्स पेराइनने 1904 मध्ये लिक वेधशाळेच्या 36 इंची क्रॉसली दुर्बिणीने फोटो घेऊन तो शोधला. आज 8 इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आणि एक बरा कॅमेरा पुरतो. गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीण आहे हे खरं, पण या कामाला तिची गरज नाही.

अडचण हिमालियाच्या मंदपणाची नाहीच, शेजाऱ्याच्या झगमगाटाची आहे. प्रतियुतीच्या सुमारास (पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मध्ये येते तेव्हा) हिमालियाची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद) 14.7 च्या आसपास असते, गुरूची उणे 2.6 किंवा त्याहून तेजस्वी. फरक 80-90 लाख पटींचा. म्हणून पहिला नियम: गुरू फ्रेममध्ये घ्यायचाच नाही. 1000 मिमी फोकल लेंथ आणि 11.3 मिमीचा चौकोनी सेन्सर असेल तर फ्रेम साधारण 39 आर्कमिनिटांची मिळते (60 आर्कमिनिटं म्हणजे एक अंश). हिमालिया गुरूपासून जास्तीत जास्त अंशभर दूर जातो. तो अर्ध्या अंशापलीकडे असेल त्याच रात्री निवडा. फेरी लांब असल्याने असा काळ बराच टिकतो, घाई नसते.

जागा काढायला नासाच्या जेपीएलची होरायझन्स ही ऑनलाइन सेवा वापरा, हिमालियाचा क्रमांक 506. इथे दोन चुका हमखास होतात. एक, वेळ: तिथली वेळ यूटी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. भारतीय वेळ तशीच टाकली तर साडेपाच तासांत गुरू आणि त्याचं लटांबर पावणेदोन आर्कमिनिटं सरकलेलं असतं, आणि तुम्ही भलत्याच ठिपक्याकडे बघत बसता. दुसरी चूक जास्त महागात पडते. होरायझन्स दोन प्रकारचे निर्देशांक देतं. प्लेट सॉल्व्हिंगचं सॉफ्टवेअर (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची दिशा ओळखणारं) जे2000, म्हणजे 2000 सालची चौकट, धरून चालतं, त्यामुळे अ‍ॅस्ट्रोमेट्रिक हा रकाना घ्यायचा. अ‍ॅपरंट घेतला तर परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो म्हणून) वीसेक आर्कमिनिटांचा घोळ होतो, म्हणजे अर्धी फ्रेमच हुकली.

पुण्याच्या अक्षांशाचा एक त्रास माउंट (दुर्बिणीची बैठक) विकणारे सांगत नाहीत. ध्रुवतारा इथे फक्त साडेअठरा अंश वर. एवढ्या कमी उंचीला बऱ्याच इक्वेटोरियल (अक्ष ध्रुवाकडे रोखलेल्या) माउंटांचा काउंटरवेटचा दांडा खाली उत्तरेकडे झुकतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. उपाय सोपा आहे: पाय उत्तरेला न ठेवता दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला येईल असा ट्रायपॉड फिरवा, किंवा मध्ये एक्स्टेंशन बसवा. कोथरूड-बाणेरच्या गच्चीवर ध्रुवतारा इमारतीमागे गेलेला असतोच, तेव्हा पोलर अलाइनमेंट (अक्ष ध्रुवाकडे रोखणं) प्लेट सॉल्व्हिंगने करा. पानशेत-मुळशीकडे आकाश पुष्कळ काळं, पण धरणाकाठी हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दव अक्षरशः ठिबकतं. दुय्यम आरशाला आणि गाइडस्कोपला (माग ठेवणाऱ्या छोट्या दुर्बिणीला) ड्यू हीटर लावल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

एक्स्पोजर 60 सेकंद, बिनिंग 2×2 (चार पिक्सेल मिळून एक). 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर अशा एका पिक्सेलला दीड आर्कसेकंद पडतो (60 आर्कसेकंद म्हणजे एक आर्कमिनिट). प्रतियुतीजवळ गुरू ताऱ्यांमधून तासाला सुमारे 20 आर्कसेकंद सरकतो, म्हणून मिनिटभरात हिमालियाची रेघ होत नाही. पण तासभराच्या फ्रेम ताऱ्यांवर जुळवून स्टॅक केल्या (एकमेकींवर रचल्या) तर तो 13 पिक्सेलभर पसरून पुसट होतो. त्यापेक्षा दहा-दहा फ्रेमचे दोन गट, मध्ये तासाभराचं अंतर, आणि दोन्ही आळीपाळीने दाखवून बघा. सरकणारा ठिपका डोळ्यांना लगेच सापडतो.

तो हिमालियाच कशावरून? वेगावरून. पट्ट्यातले लघुग्रह प्रतियुतीजवळ तासाला 30-40 आर्कसेकंद धावतात, गुरूचा उपग्रह गुरूच्याच चालीने जातो. खरा ठकवणारा म्हणजे फ्रेमबाहेरच्या गुरूचं भिंगांमधलं परावर्तन. गुरू सरकला की तेही ताऱ्यांमधून सरकतं, अगदी उपग्रहासारखं! म्हणून गटांच्या मध्ये दुर्बीण चार-पाच आर्कमिनिटं हलवा. उपग्रह ताऱ्यांच्या हिशेबाने ठरल्या जागीच दिसतो, परावर्तनाची जागा मात्र बिघडते.

आणखी एक: न्यूटोनियनमध्ये दुय्यम आरशाच्या पात्यांमुळे गुरूला चार टोकदार किरण फुटतात, आणि गुरू बाहेर असला तरी एखादा फ्रेममध्ये घुसतो. हिमालिया नेमका त्यावर आला तर कॅमेरा फिरवून उपयोग नाही, पाती नळीत आहेत. नळी धरणाऱ्या रिंगा सैल करून नळीच 45 अंश फिरवा, आणि मग बॅलन्स पुन्हा तपासा.

हिमालिया जमला की गुरूचाच एलारा, क्रमांक 507, प्रत साडेसोळाच्या आसपास. त्याला एक फ्रेम पुरणार नाही. होरायझन्सने दिलेला वेग आणि दिशा टायको ट्रॅकर या सॉफ्टवेअरमध्ये भरून 60-70 फ्रेम त्या चालीने स्टॅक कराव्या लागतील. शनीची फीबी, क्रमांक 609, जवळपास तितकीच मंद. ती मात्र उलट्या दिशेची आहे, आणि शनी तासाला 12 आर्कसेकंदच सरकत असल्याने दोन गटांमध्ये दोन तास सोडा.