आमची वाटचाल : लाकडी घरे आणि मुंग्यांचा बंदोबस्त

दापोली तालुक्यातील जुन्या माडीच्या घरांची सुतारकामे करणे हा आमचा मूळ व्यवसाय; मुंग्यांचा बंदोबस्त हे काम ग्राहकांनीच आमच्याकडे आणले. वासे किंवा रिपा बदलायला गेलो की घरमालक हमखास सांगत, की फवारणीवर पैसे खर्च झाले, तरी पाऊस लागला की मुंगळे पुन्हा हजर होतात. फवारणीने रांगेतल्या कामकरी मुंग्या मरतात, पण राणी आत सुरक्षित राहून अंडी घालतच असते, हे त्यामागचे कारण.

आम्ही आधी तुळईखालची जमीन पाहतो. तेथे खरबरीत भुसा आणि त्यात मेलेल्या किड्यांचे पाय-पंख मिसळलेले दिसले, तर मुंगळ्यांनी लाकडात घर केले आहे असे समजावे. मुंगळे लाकूड खात नाहीत. त्यांच्या काही जाती ओलाव्याने मऊ पडलेले लाकूड पोखरून आत राहतात. मैद्यासारखी पूड भुंगेऱ्यांची, तर मातीच्या नळ्या वाळवीच्या. त्यांचे उपाय वेगळे. मुंगळ्यांचे मूळ ओल्या लाकडात असल्यामुळे फुटके कौल बदलणे, कुजलेला तुकडा कापून तेथे सुके लाकूड बसवणे आणि छपराला टेकलेल्या फांद्या तोडणे, हीच आमच्या मते खरी दुरुस्ती.

उरलेले काम अगदी स्वस्तात होते. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम साखर आणि दहा ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा बाटलीच्या झाकणात घालून रांगेजवळ ठेवायचा. कॅरमची म्हणून विकली जाणारी प्रत्येक पावडर बोरिकच असते असे नाही, म्हणून ती औषधांच्या दुकानातूनच घ्यावी. प्रमाण वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु द्रावण तीव्र झाले तर कामकरी मुंगी वाटेतच मरते, आणि सौम्य राहिले तरच ती ते घरी नेऊन तोंडातून तोंडात भरवत अळ्यांपर्यंत व राणीपर्यंत पोहोचवते. सुरुवातीला झाकणाभोवती मुंग्यांची गर्दी वाढते, तेव्हा धीर धरावा आणि जवळपास फवारणी मुळीच करू नये. लहान मुले व पाळीव जनावरे यांच्यापासून झाकण दूर ठेवावे, हे आम्ही प्रत्येक घरी बजावून सांगतो.

या द्रावणाचे पैसे आम्ही घेत नाही. ते मालकांनी स्वतः करावे, असा आमचा आग्रह असतो. आकारणी फक्त तपासणीची आणि सुतारकामाची होते. पर्यटकांसाठी लाकडी खोल्या बांधणाऱ्यांची तपासणी आता आम्ही मे महिन्यातच उरकतो, म्हणजे पावसाआधी कौले चाळून घेता येतात.