दुभाषी हवा आहे का?

इथे कुठल्याही दवाखान्यात पहिल्यांदा गेलं की एक फॉर्म हातात देतात. नाव, जन्मतारीख, मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाचा नंबर, घरी कोणती भाषा बोलता, आणि त्याखाली एक प्रश्न: दुभाषी हवा आहे का? आई मेलबर्नला आल्यापासून तिच्या प्रत्येक फॉर्मवर मी त्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करत आले. मी सोबत असताना परकं माणूस कशाला, असं वाटायचं.

पालकांसाठीचा कायमचा व्हिसा मिळायला इथे बरीच वर्षं लागतात. आम्ही अर्ज दोघांच्या नावाने केला होता. तो मंजूर होईपर्यंत बाबा राहिले नाहीत, आई एकटीच आली. आमचं घर टारनीटला, शहराच्या पश्चिमेला. आजूबाजूला भारतीय कुटुंबं भरपूर, पण सकाळी आठनंतर सगळी गल्ली ओस. जून-जुलैत संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. आई खिडकीशी बसून राहायची. भूक मेली, झोप उडाली, छातीत धडधडायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी के-१० नावाची प्रश्नावली काढली.

इथले फॅमिली डॉक्टर मनाच्या तक्रारीसाठी ही प्रश्नावली नेहमी वापरतात. दहा प्रश्न असतात, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १० ते ५०. डॉक्टर इंग्रजीत विचारायचे, मी मराठीत सांगायचे, आई बोलायची, मी पुन्हा इंग्रजीत. कशानेच बरं वाटणार नाही इतकं उदास वाटलं का, या प्रश्नावर आई म्हणाली, "करमत नाही गं. जीव कशात रमत नाही." मी डॉक्टरांना सांगितलं, तिला कंटाळा येतो. आपण कवडीमोल आहोत असं वाटलं का, यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं आता काय काम आहे? तुमच्यात अडचण नुसती." ते वाक्य मला इंग्रजीत बोलवेना. मी म्हटलं, कधी कधी वाटतं.

बेरीज काळजी करण्याजोगी आली नाही. रोज चालायला जा, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

मी खोटं बोलले असं त्या वेळी मला वाटलं नव्हतं. आईबद्दल इतकं वाईट ऐकायची माझी तयारी नव्हती, एवढंच. आणि मी खोलीत आहे म्हणून तिनेही किती गिळलं असेल ते तिलाच ठाऊक. दुभाष्याचं काम घरच्यांना देऊ नये असं इथल्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. ते मी आधी वाचलं असतं, तरी त्याला सरकारी सोपस्कार म्हटलं असतं.

दीड महिन्याने आईने जवळजवळ जेवण सोडलं, तेव्हा आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी फॉर्मवरची माझी खूण पाहिली आणि म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा, मी फोनवर दुभाषी घेते. आई घाबरली. इथली मराठी माणसं एकमेकांना ओळखतात. मंडळाच्या गणपतीत भेटणारीच कुणी फोनवर निघाली तर? मी तेही बोलून दाखवलं. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. त्यांनी दुसऱ्या राज्यातली, आणि बाईच हवी असं सांगितलं. आईचं आडनावही फोनवर घेतलं नाही. पाच मिनिटांत टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार काकू." आईने मला हातानेच जा म्हणून खुणावलं.

मी चाळीस मिनिटं बाहेर बसले होते. आत काय बोलणं झालं ते मी आजवर विचारलेलं नाही.

हा फोन ज्या सेवेला जातो ती टीआयएस नॅशनल, नंबर १३१ ४५०. ही केंद्र सरकारची सेवा असून १९७३ साली सुरू झाली. चोवीस तास चालते, आणि फॅमिली डॉक्टरांना मेडिकेअरच्या रुग्णासाठी फुकट मिळते. दुभाषी गोपनीयतेच्या नियमांनी बांधलेले असतात. त्यांच्या परीक्षा नाटी ही संस्था घेते. आपल्या मुलामुलींना नाटी ठाऊक असते ती पीआरच्या, म्हणजे कायमच्या व्हिसाच्या, अर्जातल्या पाच गुणांसाठी. मराठीची परीक्षा देऊन ते गुण मिळवलेले माझ्या ओळखीत कितीतरी आहेत (मीही त्यातलीच). पण ही सगळी व्यवस्था मुळात आईसारख्यांसाठी उभी आहे, हे आमच्यातलं कुणी कधी बोललं नव्हतं. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक इथे होते, इंग्लंडच्या खालोखाल. देशभरात ८ लाख ७० हजारांच्या आसपास लोकांनी इंग्रजी नीट येत नाही किंवा अजिबात येत नाही असं लिहिलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी मानसिक उपचारांचा आराखडा लिहून दिला. २००६ पासूनच्या 'बेटर अ‍ॅक्सेस' योजनेत तो आराखडा असला की मानसशास्त्रज्ञाच्या वर्षाला १० भेटींचे काही पैसे मेडिकेअर देतं. कोविडच्या काळात त्या २० केल्या होत्या, २०२२ अखेर पुन्हा १० वर आणल्या. पूर्ण फी बहुधा निघत नाही, वरचे पैसे आपण भरायचे. माझी खरी तक्रार वेगळी आहे. दुभाष्यामार्फत बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारलं जातं. पन्नास मिनिटांच्या भेटीत हातात जेमतेम पंचवीस उरतात. इंग्रजी बोलणाऱ्याला १० भेटी आणि आईलाही १०, हे कागदावर समान दिसतं, पण तिच्या वाट्याला निम्मंच येतं. दुभाषी लागणाऱ्यांच्या भेटी वाढवून द्यायला हव्यात.

मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञ आम्हाला मिळाल्या नाहीत. दोन ठिकाणी दुभाष्याची सोय होणार नाही म्हणाले. शेवटी व्हिडिओवर हिंदी बोलणाऱ्या एक बाई मिळाल्या. आई आठवड्याआड त्यांच्याशी बोलू लागली. हिंदी तिला छान येते. पण तिसऱ्या भेटीनंतर म्हणाली, "सगळं सांगता येतं गं, पण ह्यांच्याबद्दल बोलायला लागले की हिंदी आटते." त्या बाईंनी पुढच्या वेळी तिला सांगितलं, तेवढं मराठीत बोला, मी ऐकते. सगळं त्यांना कळलं नसेल. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

आमच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये मानसिक आरोग्यव्यवस्थेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं. मार्च २०२१ मधल्या त्याच्या अंतिम अहवालात ६५ शिफारशी होत्या, आणि सरकारने सगळ्या मान्य केल्या. वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींच्या समाजांना बरोबर घेऊन सेवा उभ्या कराव्यात, अशी त्यातली एक स्वतंत्र शिफारस आहे. खर्चासाठी जानेवारी २०२२ पासून वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांवर जादा कर लावला. सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा लागू झाला. रुग्णाची भाषा, धर्म, संस्कृती ध्यानात घेऊनच सेवा द्यावी, हे त्याच्या तत्त्वांतच लिहिलंय. कर लावून पैसा बाजूला काढणं ही मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. नुसत्या तत्त्वांनी फोनवर दुभाषी येत नाही.

त्याच शिफारशींतून 'लोकल्स' नावाची मानसिक आरोग्याची केंद्रं निघाली. मोठ्यांसाठी, मोफत. डॉक्टरची चिठ्ठी नको, मेडिकेअर कार्डही नको. ५० ते ६० उघडायची ठरली होती, पण वेग मंदावला आहे, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण व्हिजिटर व्हिसावर नातवंडं सांभाळायला येणाऱ्या आई-वडिलांना मेडिकेअर नसतं. त्यांना असं दार जवळ हवं. तुमच्या घरचं कुणी इकडे येणार असेल तर केंद्राचं नाव आणि १३१ ४५० हा नंबर येतानाच त्यांच्या वहीत लिहून द्या. अगदीच जीव नकोसा झाला तर लाइफलाइन या मदतीच्या फोनसेवेचा १३ ११ १४ चोवीस तास चालू असतो.

मागच्या महिन्यात आईच्या डोळ्यांसाठी नव्या डॉक्टरांकडे गेलो. मी नेहमीसारखा फॉर्म भरत होते. भाषेच्या रकान्याशी आले तशी तिने चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "दुभाष्याचं कुठे आहे?" मी बोट ठेवलं. खूण तिने केली.