रामबागेतला झुकलेला वाडा

इंदूरच्या रामबागेतल्या एका दुमजली वाड्याची दक्षिणेची भिंत बाहेर झुकलेली. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि मालकीणबाईंनी मला पाहणीला बोलावलं. ठेकेदार आधीच हजर होता, त्याचा उपाय तयार: "साहब, नींव में सीमेंट पिला देते हैं."

इंदूरच्या काळ्या मातीत काम करणाऱ्याने हे बोलावं याचा राग येतो. ही माती इतकी बारीक कणांची की सिमेंटचं दूध तिच्यात मुरतच नाही. ते भेगांतून वाट काढतं, त्यातलं पाणी मात्र माती पिते आणि फुगते. इटलीतल्या पिसाच्या झुकत्या मनोऱ्याच्या पायात १९३४ साली शेकडो भोकं पाडून हेच केलं गेलं, आणि कल वाढला.

आधी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते पाहायची वजन लावलेली दोरी. छपराच्या कडेवरून दोरी सोडायची, वजन तेलाच्या डब्यात बुडवायचं, म्हणजे वाऱ्याने हेलकावे घेत नाही. गिलाव्याला फुगवटे असतात, म्हणून दर फुटावर तो खरवडून उघड्या विटेपर्यंतचं अंतर घ्यायचं. तेही सकाळी, भिंत तापायच्या आत.

तळमजल्याच्या बारा फुटांत भिंत ५५ मिलिमीटर बाहेर गेलेली. वरच्या दहा फुटांत फक्त ८! एकसंध झुकलेली भिंत अशी मधेच सरळ होत नाही. पूर्वेच्या भिंतीवर वरच्या मजल्याचे पहिले थर उघडे केले, तेव्हा उलगडा झाला: विटांमधला चुन्याचा सांधा उत्तर टोकाला १० मिलिमीटर, दक्षिण टोकाला जवळजवळ २५. वरचा मजला चढवायच्या आधीच दक्षिण बाजू खचली होती आणि गवंड्याने चुना जाड घालून थर पुन्हा आडवे, समपातळीत आणले होते. त्या अनाम माणसाचा हात फार चांगला होता.

पिसालाही असंच झालं. काम ११७३ला सुरू झालं, तिसऱ्या मजल्याच्या सुमारास थांबलं आणि जवळजवळ शंभर वर्षं थांबलेलंच राहिलं. तेवढ्यात खालची चिकणमाती दबून घट्ट झाली, नाहीतर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता. पुढच्या कारागिरांनी वरचे मजले सरळ करत नेले, म्हणून तो नुसता कललेला नाही, वाकलेलाही आहे.

वाड्याची भिंत १८ इंची, म्हणजे ४५० मिलिमीटर. भार जाडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात राहिला की भिंतीच्या कुठल्याही कडेला ओढ, म्हणजे ताण, येत नाही. म्हणजे मध्यापासून ७५ मिलिमीटरपर्यंत सूट. दोन्ही मजल्यांचं वजन धरून भाराचं मध्यापासून सरकणं ४५च्या आत येत होतं. नोटिशीच्या नमुन्यात कल किती हे विचारतात, कधीचा हे विचारायला रकानाच नाही. जुना, थांबलेला कल आणि चालू कल यांना एकच शिक्का बसतो आणि चांगले वाडे पाडले जातात.

मग माती. उत्तरेला फुटकी मोरी, तिथली माती ओली आणि फुगलेली. दक्षिणेला शेजाऱ्यांचा जुना कडुनिंब, तो पाणी ओढतो, माती आक्रसते. दोन्हींचा जोर एकाच दिशेला. मोरी बदलायला सांगितली आणि भोवती बाहेर उताराची सहा फुटी फरसबंदी, खाली मुरूम. पिसालाही शेवटी आधार देऊन नाही, उत्तरेकडची माती तिरप्या भोकांतून थोडी थोडी काढून सावरलं. १९९०ला बंद केलेला मनोरा २००१च्या डिसेंबरात उघडला.

भेगांवर काचेच्या पट्ट्या तारीख घालून चिकटवल्या. भेग हलली की काच तडकते. पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यातली एक तडकली, बाकी शाबूत. तो कोपरा मोरीला लागून आहे, तेव्हा माती नव्याने बसत असावी. पण एका हंगामावर निकाल देता येत नाही.

खरी चिंता कडुनिंबाची. पानांनी पन्हाळी तुंबते म्हणून शेजारी तो तोडायच्या विचारात आहेत. झाड गेलं की इतक्या वर्षांची कोरडी माती पाणी प्यायला लागेल आणि पाया वर उचलेल, तोही फक्त एका बाजूने. फांद्या छाटा, बुंध्याला हात लावू नका, असं लेखी कळवलंय. झाड त्यांच्या आवारात आहे. अजून उत्तर आलेलं नाही.