विलकॉक्सचं पाणी अन आपला डार्क झोन

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात विलकॉक्स नावाचं गाव आहे, वस्ती ३,२०० च्या आसपास, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या आपल्या वरुडपुढं काहीच नाही. पाऊस वर्षाला ३०० मिमी, तोही आला तर. तरी तिथं पिस्ता होतो, पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) होतो, वाईनची द्राक्षं होतात, वरून मोठ्या डेअऱ्यांचा चारा, अन हे सगळं बोअरवर!

ॲरिझोनात भूजल कायदा १९८० चा आहे, पण तो फिनिक्स, टक्सन अशा पट्ट्यांपुरता. विलकॉक्ससारख्या खोऱ्यात ज्याचं वावर त्याचं पाणी, ना मीटर ना मर्यादा, असं होतं. मग बाहेरचे पैसेवाले आले, हजार फुटांच्याही खाली गेले, अन शेजारच्या साध्या माणसाच्या घरची बोअर कोरडी पडली. उपसा एवढा की जमीन खचली, वावरातून लांबच लांब भेगा गेल्या.

मला खरी गंमत वाटली ती मतदानाची. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनाच विचारलं, उपशावर बंधन आणायचं का, तर शेजारचं डग्लसचं खोरं हो म्हणालं अन विलकॉक्सवाले चक्क नाही म्हणाले. येडे आहेत का? अजिबात नाही. आपल्या ग्रामसभेत हात वर करायला लावा, माझाही हात खालीच राहील, कारण मी थांबलो तरी धुऱ्यापलीकडचा थांबणार आहे का. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये राज्यानंच बंधन लावलं: आधीपासून ओलीत करणाऱ्यांचा हक्क कायम, नवीन जमीन ओलिताखाली आणायची नाही. म्हणजे ज्यानं आधी उपसलं तोच फायद्यात.

आपल्याकडं तर २००९ चा कायदा आहेच, त्यात ६० मीटर, म्हणजे २०० फुटांच्या पुढची विहीर खोल धरतात. वरुड तर डार्क झोन, म्हणजे जितकं पाणी मुरतं त्याहून जास्त उपसा होणारा भाग; तरी इथं बोअरची गाडी २०० फुटांवर थांबलेली कोणी पाहिली असेल तर कमेंटमध्ये सांगा. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकर लावूनही संत्र्याच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपणाला दिली, अन म्हणे विदर्भाचा कॅलिफोर्निया. पाण्याच्या बाबतीत आपण केव्हाच ॲरिझोना झालो.

हे सगळं शेजारच्या काकाजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं अन म्हणाले, "मंग आपल्याकडं बंधन लागाच्या आंधी एक बोअर हाणूनच घेतो बापा."